ऐकणाऱ्याचा आवाज

घराच्या वाटणीवरचं भांडण लिहायला मराठी लेखकाला फार डोकं खाजवावं लागत नाही. माल आजूबाजूला पडलेलाच असतो. आमच्या श्राव्य मालिकेत असा एक प्रसंग आहे. कोकणातलं कौलारू घर, ओटीवर चार भावंडं, जेवणं नुकतीच आटोपलेली, आणि थोरला खिशातून सातबाऱ्याचा उतारा काढून मधोमध ठेवतो. तिथून पुढे कुणी कुणाचं ऐकून घेत नाही. कागदावर प्रसंग झकास उतरला होता. वाचनाच्या वेळी एकजण म्हणाला, "आमच्या घरी लपून ऐकलंस की काय?"

रेकॉर्डिंगच्या वेळी मात्र थोरला होता पुण्यात, मधला नागपुरात, बहीण कुडाळजवळच्या एका गावात आणि धाकटा दुबईत. दुबईचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे, त्यामुळे आमचे रात्रीचे नऊ म्हणजे त्याची ऑफिसातून येऊन कपडे बदलण्याची वेळ. चौघांनी एकमेकांना कधी प्रत्यक्ष पाहिलेलं नव्हतं. स्क्रीनवर चार चौकोन उघडले, नमस्कार-चमत्कार झाले, आणि भांडण काही केल्या पेटेना. एक बोलला की बाकीचे तिघे चिडीचूप. त्याचं संपलं की क्षणभर पोकळी, मग दोघं एकदम सुरू, मग दोघंही एकदम थांबतात. "तुम्ही बोला." "नाही नाही, आधी तुम्ही." सातबाऱ्यावरून एकमेकांच्या उरावर बसायला आलेली भावंडं अशी अदबीने वागू लागली की त्या रात्री वाटणी सामोपचाराने झाली असती.

दोष नटांचा नव्हता. समोरासमोर बोलताना एकाचं वाक्य संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंत जो वेळ जातो, तो सरासरी २०० मिलिसेकंदांच्या आसपास असतो. सेकंदाचा जेमतेम पाचवा भाग. २००९ साली दहा वेगवेगळ्या भाषांमधली संभाषणं मोजून संशोधकांनी हे दाखवलं. भाषेभाषेत थोडं कमीजास्त होतं, पण गाडी सगळ्यांची तिथेच घुटमळते. इतक्या कमी वेळात समोरच्याचं पूर्ण ऐकून मग उत्तर जुळवणं शक्यच नाही. उत्तर तयार होतं ते त्याचं वाक्य चालू असतानाच. म्हणजे आपण ऐकता ऐकताच बोलायला लागलेले असतो, तोंड फक्त नंतर उघडतं.

आता यात इंटरनेट घाला. आवाज इकडून तिकडे पोचायला १५० मिलिसेकंद लागले, तरी तंत्रज्ञांच्या लेखी तो चांगला कॉल असतो. पण हवेतून आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. त्या हिशेबाने दीडशे मिलिसेकंद म्हणजे ५१ मीटर, क्रिकेटच्या अडीच खेळपट्ट्या. तेवढ्या अंतरावरून कुजबुजून भांडून बघा. शिवाय येताना जितका वेळ लागतो तितकाच जाताना. मी थांबले, तुम्ही तुमच्या नेहमीच्या वेगाने तोंड उघडलंत, तरी मला ते अर्ध्या सेकंदाने ऐकू येणार. आणि उत्तर द्यायला अर्धा सेकंद घेणारा भाऊ चिडलेला वाटत नाही. तो मनातल्या मनात गुंठ्यांचा हिशेब करतोय असं वाटतं.

कॉलचं सॉफ्टवेअर त्यावर आणखी कडी करतं. दोघं एकदम बोलले की एकाला पुढे करून दुसऱ्याला दाबायचं, ही त्याची शिस्त. उसासा, जिभेचा 'च्च', नाकातल्या नाकात दाबलेलं हसू, आवंढा या सगळ्याला ते गोंगाट समजतं आणि पुसून टाकतं. ऑफिसच्या मीटिंगसाठी ठीक आहे. नाटकातला मात्र निम्मा ऐवज तिथेच गेला.

आवाजाच्या नाटकात माणसांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवण्याचा प्रकार तसा जुना आहे. केवळ रेडिओसाठी लिहिलेलं पहिलं नाटक म्हणून ज्याचा उल्लेख होतो, ते बीबीसीने जानेवारी १९२४ मध्ये प्रसारित केलं. ते घडतं वेल्समधल्या एका कोळशाच्या खाणीत, दिवे गेल्यावर. म्हणजे पात्रं आणि श्रोते दोघेही अंधारात. पुढच्या काही वर्षांतच तिथले निर्माते नटांना एका स्टुडिओत, वाद्यवृंदाला दुसऱ्यात आणि दारं-घोडे-वादळं करणाऱ्यांना तिसऱ्यात बसवू लागले. निर्माता स्वतः वेगळ्याच खोलीत बटणांच्या फळीपुढे बसून सगळ्यांचे आवाज कमीजास्त करायचा आणि कुणी कधी सुरू करायचं ते दिव्याने सांगायचा. तिथे माणसं भिंतीआड होती खरी, पण तारेतून येणारा आवाज त्याच क्षणी पोचत होता.

आपल्याकडे मुंबईहून रीतसर प्रसारण सुरू झालं २३ जुलै १९२७ रोजी, आणि नभोनाट्य, श्रुतिका हे प्रकार पुढे आकाशवाणीने घरोघरी नेले. माझ्या आईच्या पिढीला 'पुन्हा प्रपंच' म्हटलं की अजूनही टेकाडे भावजी, मीनावहिनी आणि पंत आठवतात. बाळ कुडतरकर, नीलम प्रभू आणि प्रभाकर जोशी या तिघांच्या गप्पा. आई म्हणते, ती माणसं आपल्याच स्वयंपाकघरात बसलीयत असं वाटायचं. मला त्यात आवाजांच्या गोडव्यापेक्षा तिघं एकत्र असण्याचा वाटा मोठा वाटतो. समोरच्याचे डोळे दिसतायत, तो श्वास घेतोय म्हणजे बोलणार आहे हे कळतंय, पानं आवाज न करता उलटायची आहेत, दुरून बोलायचं तर दोन पावलं मागे सरकायचं आहे. अभिनय आवाजाचा, पण करत होतं अख्खं शरीर.

हे सगळं काढून घेतल्यावर काय उरतं, ते बीबीसीच्याच 'द आर्चर्स'ने दाखवलं. १ जानेवारी १९५१ पासून देशभर चालू असलेली ही खेड्यातली मालिका. मे २०२० मध्ये टाळेबंदीत तिचे नट घरूनच बोलू लागले, आणि पहिली गोष्ट काय झाली, तर पात्रांचं एकमेकांशी बोलणं जवळपास बंद होऊन त्यांनी मनाशी बोलायला सुरुवात केली. स्वगतं. श्रोते कुरकुरले. मला ती कुरकुर अगदी रास्त वाटते, आणि निर्मात्यांची अडचणही.

स्वगताची पळवाट मलाही मोहात पाडते. फोनवरच्या संभाषणाची तर त्याहून जास्त. दूरवरून रेकॉर्ड केलेल्या कितीतरी मालिकांमध्ये पात्रं सारखी एकमेकांना फोन का करतात, तर कॉलचा खराब आवाज आपोआप खपून जातो म्हणून. एखादा फोन ठीक. पण नवरा-बायको एका घरात राहून पाच भाग फोनवरच बोलत असतील, तर त्यांच्या संसाराची काळजी वाटायला लागते.

तर आम्ही काय करतो. कॉल फक्त एकमेकांना ऐकण्यासाठी असतो. खरा आवाज प्रत्येकजण स्वतःच्या घरी, स्वतःच्या रेकॉर्डरवर किंवा लॅपटॉपवर धरतो आणि नंतर मला पाठवतो. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाइल, म्हणजे आवाज न दाबता जसाच्या तसा. 'कृपया व्हॉइस नोट पाठवू नये' हे वाक्य मी सूचनांच्या कागदावर ठळक करून, खाली रेघ मारून लिहिलेलं आहे, आणि तरी प्रत्येक मालिकेत एकजण व्हॉइस नोट पाठवतोच. सुरुवातीला सगळ्यांनी एक टाळी वाजवायची, म्हणजे फाइली एकाखाली एक लावताना टाळीला टाळी जुळते. शेवटी पुन्हा एक टाळी. ही दुसरी टाळी कशाला, असं नवीन माणूस हमखास विचारतो. प्रत्येक यंत्राचं घड्याळ थोडं खोटं असतं. एकजण सेकंदाला आवाजाचे ४८,००० नमुने घेत असेल आणि दुसऱ्याचं यंत्र ४८,००१, तर तासाभरात ७५ मिलिसेकंदांची तफावत पडते. वर म्हटलेल्या सेकंदाच्या पाचव्या भागातला हा केवढा मोठा लचका. पहिल्या टाळीला जुळलेली भावंडं तासाच्या शेवटी उगाचच अधीर किंवा उगाचच मंद झालेली असतात. दुसरी टाळी ती तफावत पकडून देते.

मग आवाज कुठे बसून धरायचा, हा प्रश्न. टाळेबंदीपासून सगळ्यांच्या डोक्यात कपाट पक्कं बसलं आहे. साड्यांमध्ये मान घालून बोललेलं छान येतं, असा समज. थोडं खरं आहे. कापड वरच्या पट्टीतले आवाज शोषतं. पण पुरुषी आवाजातला खालचा घुमा, साधारण १०० हर्ट्झचा, त्याची एकेक लाट साडेतीन मीटर लांब असते. तिला पैठणीचं काय कौतुक? ती कपाटाच्या फळ्यांमध्ये घुमत राहते आणि माणूस खोक्यात कोंबल्यासारखा ऐकू येतो. त्यापेक्षा खोलीच्या मध्यापासून जरा बाजूला उभं राहावं आणि कापसाची जाड गादी पाठीमागे उभी करावी. पाठीमागे, माइकच्या मागे नव्हे. माइक आपल्या तोंडाकडे बघत असतो, म्हणजे त्याला आपल्या पाठीमागची भिंत ऐकू येते. गादी उभी धरायला घरातला एखादा भाचा मिळाला तर उत्तम. फक्त तो हसरा नको.

घर काही गप्प बसत नाही. कुकरच्या शिट्ट्या, शेजारचा मिक्सर, कबुतरं, 'भंगारवालेऽऽ', गणपतीच्या आधी दोन-अडीच महिने नदीकाठी चालणारा ढोल-ताशांचा सराव, हे तर ऐकू येतं तरी. न जाणवणारा शत्रू म्हणजे विजेचा ५० हर्ट्झचा गुणगुणाट, फ्रिजची मोटर, पंख्याची घरघर. पुण्यातले आमचे थोरले बंधू यावर तोडगा काढून बसलेत. गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट जाते, ती गेली की ते मेसेज टाकतात: "गेली. या लवकर." लॅपटॉप बॅटरीवर, कॉल मोबाइलच्या नेटवर, फ्रिज बंद, पंखा बंद, शेजाऱ्यांचे टीव्ही बंद. घामाने निथळत ते जे बोलतात ते स्टुडिओच्या तोडीचं येतं. वीज मंडळाला यासाठी दुवा देणारा महाराष्ट्रातला हा एकमेव ग्राहक असावा.

हे सगळं मी सांगतेय खरं, पण आवाज स्वच्छ असणं हा दूरवरून नाटक करण्यातला सोपा भाग आहे. यंत्रं आणि गाद्या त्याच्यासाठी असतात. अवघड भाग मला याच थोरल्या बंधूंमुळे कळला.

हे काका बँकेतून निवृत्त झालेले, हौशी रंगभूमीवर वाढलेले. राज्य नाट्य स्पर्धेसाठी गावोगावच्या नाट्यगृहांत शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकण्यात उभी हयात गेलेली. पहिले काही दिवस माइकसमोरही ते शेवटची रांगच शोधत होते. ते जमलं, आवाज खाली आला. पण मग संवाद कोरडे पडायला लागले. उच्चार चोख, थांबे अचूक, आणि तरी वाचून दाखवल्यासारखे. मी कॉलवरून हरतऱ्हेने समजावत होते. शेवटी तेच म्हणाले, "अगं, माझं कुणी ऐकतंय असं वाटतच नाही मला. तू दिसतेस, पण तू तर कानाला हेडफोन लावून मीटरकडे बघत असतेस."

पुढच्या खेपेला काकू समोर येऊन बसल्या. काहीही करायचं नाही, फक्त ऐकायचं. काकांनी तोच सातबाऱ्याचा संवाद काकूंकडे बघून म्हटला, आणि मला हेडफोनमध्ये लगेच कळलं की आता हा माणूस कुणाला तरी काहीतरी पटवतोय. वाक्याच्या मध्यावर आवाज किंचित चढला, कारण काकूंनी भुवई उचलली असणार. एका जागी ते घाईने पुढे गेले, कारण तिथे त्यांना विरोध दिसला. काकूंचा एकच त्रास. त्या मनापासून ऐकतात, त्यामुळे मधे मधे "हंऽ", "अगं बाई", "मग काय तर" सुटतं. ते काकांच्या शब्दांखाली मिसळून जातं, नंतर वेगळं काढता येत नाही, आणि टेक पुन्हा घ्यावा लागतो. हल्ली त्या तोंडावर पदर धरून बसतात.

त्यानंतर मी नियमच केला. प्रत्येक नटासमोर त्याच्या खोलीत एक जिवंत माणूस हवा. बायको, मुलगा, शेजारीण, कुणीही. दुबईच्या आमच्या धाकट्यासमोर त्याचा खोलीतला जोडीदार बसतो. तो मल्याळी आहे, मराठीचं अक्षर कळत नाही. तरी फरक पडतो. उलट कळत नसल्याने तो फक्त चेहरा वाचत असतो, आणि हा गडी त्याला समजावं म्हणून जीव तोडून बोलतो.

काकूंचे ते सुटलेले हुंकार मात्र डोक्यातून जाईनात. पोवाड्यात शाहिरामागे झीलकरी 'जी जी रं जी' करतात, त्यांच्याशिवाय शाहीर उभाच राहत नाही. लहानपणी आजी गोष्ट सांगताना हुंकार मागायची. आपण थांबलो की ती थांबायची, झोपलास का म्हणून विचारायची. बोलणाऱ्याला बोलतं ठेवणारा एक आवाज आपल्या सगळ्या सांगण्या-ऐकण्यात कायम असतो. आणि आमच्या चार चौकोनांमध्ये नेमका तोच नव्हता. कारण प्रत्येकजण दुसऱ्याची फाइल खराब होऊ नये म्हणून शहाण्यासारखा गप्प बसत होता. ती सूचनाही मीच दिली होती आणि ती तांत्रिकदृष्ट्या बरोबरच होती.

म्हणून आता संवाद संपले की प्रत्येक नटाकडून हुंकार वेगळे घेते. पटलेला हं. न पटलेला हं. ऐकत नाही पण ऐकतोय असं दाखवणारा हं. 'हे तू मागच्या वर्षीही म्हणाला होतास' असा हं. मग च्च, अय्या, आँ, छे, नाकातून सोडलेला श्वास, बोलायला म्हणून घेतलेला पण गिळून टाकलेला श्वास, पाणी पिणं, पाटावरून उठतानाचं कण्हणं. नवीन नटांना हा प्रकार आधी हास्यास्पद वाटतो. नागपूरचे मधले बंधू म्हणाले, "हे का नाटक हाय का डॉक्टरकडची तपासणी?" पण त्यांनीच नंतर सगळ्यात भारी हुंकार पाठवले. वऱ्हाडी माणसाच्या नुसत्या "हाव" मध्ये केवढे प्रकार मावतात, ते ऐकायला पाहिजे.

मग मी रात्री रीपर, म्हणजे आवाज जोडण्या-कापण्याचं सॉफ्टवेअर, उघडून बसते. थोरला म्हणतोय, "बाबांनी शेवटी माझ्याकडेच राहायचं ठरवलं होतं." स्क्रीनवर त्याच्या खालच्या ट्रॅकवर बहिणीचा एक हं आहे, अर्ध्या सेकंदाचा. तो थोरल्याचं वाक्य संपल्यावर लगेच ठेवला, तर ती मान्य करते. थोडा उशिरा, पाऊण सेकंदाने ठेवला, तर तिला यातलं काहीतरी वेगळं माहीत आहे. उचलून 'शेवटी' या शब्दाखाली सरकवला, तर 'शेवटी' हा शब्दच खोटा ठरतो, आणि थोरल्याचं उरलेलं वाक्य तो आपला खोटेपणा झाकण्यासाठी बोलतोय असं वाटायला लागतं. काकांनी ते वाक्य ज्या भावनेने म्हटलं होतं ती पुण्यात राहिली. कुडाळहून आलेल्या एका हं ने तिचा अर्थ फिरवला. हे करण्यात अख्खी रात्रच्या रात्र जाते आणि हाती येतो मिनिटभराचा प्रसंग. स्टुडिओचं तासाचं भाडं वाचतं म्हणून दूरवरून नाटक स्वस्त पडतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा शेजारी येऊन बसावं.

लिहिण्याची पद्धतही बदलावी लागली. तोडलेली वाक्यं आपण कागदावर कशी लिहितो? 'मी तर आधीच म्हणत होते की...' आणि पुढे टिंबं. स्टुडिओत ते चालतं, कारण टिंबांच्या जागी खरोखरच कुणीतरी तोडतो. एकटा नट मात्र टिंबांपाशी स्वतःहून थांबतो. स्वर खाली येतो, श्वास सुटतो. ऐकणाऱ्याला कळतं की हिला कुणी थांबवलं नाही, हिचे शब्दच संपले. म्हणून मी आता भांडणातलं प्रत्येक वाक्य पूर्ण लिहिते, 'मी तर आधीच म्हणत होते की वकिलाकडे जाण्याआधी काकांना विचारा', आणि नटाला सांगतच नाही की ते कुठे तुटणार आहे. तो पूर्ण तावात पुढे जातो आणि मी त्याला 'वकि' वर कापते. श्रोत्याच्या कानावर कधीच न पडणारे असे किती शब्द लिहून झालेत याची गणतीच नाही. मानधन त्यांचंही धरून द्यावं लागतं, ही गोष्ट आमच्या पैसे लावणाऱ्या मित्राला अजून पचलेली नाही.

आवाज चार खोल्यांतून आले तरी ओटी एक हवी. खोलीचा घुमारा नंतर चढवता येतो, पण चढलेला उतरवणं फार जिकिरीचं, म्हणून घरून येणारा आवाज जितका कोरडा तितका बरा. मग त्यावर घर चढवायचं. यासाठी मी ओळखीच्या एका कौलारू घरात रेकॉर्डर घेऊन गेले आणि ओटीवर, माजघरात, पडवीत एकेक फुगा फोडला. फुग्याचा फटका आणि त्यानंतर खोली जे काही उत्तर देते, त्यावरून सॉफ्टवेअर त्या जागेचा ठसा काढतं आणि कुठल्याही आवाजाला तो लावता येतो. माजघर सारवलेलं, वर लाकडी माळा, त्यामुळे तिथे आवाज जवळजवळ जागच्या जागी विरतो. ओटीचं एक अंग उघडं, तिथे समोरच्या पोफळींतून काहीतरी हलकंसं परत येतं. घरमालकीणबाईंना वाटलं होतं कुणाचा तरी वाढदिवस आहे. एवढ्या लांबून येऊन फुगे फोडले आणि केक नाही, हे त्यांना शेवटपर्यंत रुचलं नाही.

कुडाळजवळच्या आमच्या बहिणीबद्दल सांगायला हवं. ती अंगणवाडी चालवते, गावात सगळे तिला बाई म्हणतात, म्हणून आम्हीही. जत्रांमधून रात्रभर दशावतार बघत मोठी झालेली. दशावतारात संवाद लिहिलेले नसतात. कथा ठरलेली, बोलणं मात्र ऐन वेळी, समोरचा काय बोलला त्यावर. बाईंच्या हातात मी छापील संहिता दिली तेव्हा त्या ती चौथीच्या मुलासारखी, शब्दावर बोट ठेवून वाचायला लागल्या. मला वाटलं निवड चुकते की काय. मग संहिता बाजूला ठेवली. बाकीच्या तिघांचे संवाद आधी घेऊन बाईंना पाठवले, मधे मोकळ्या जागा ठेवून, आणि सांगितलं, यांना काय उत्तर द्यायचं ते द्या. थोरला सातबारा पुढे करून म्हणतो, बायकांनी यात पडू नये. मोकळी जागा. त्यात बाईंचा श्वास, आणि मग: "तुका काय वाटता, माका काय कळणा नाय?" मी लिहिलेलं वाक्य यापेक्षा लांब होतं, प्रमाण मराठीत होतं आणि अर्थातच फिकं होतं.

दूरवरून काम करण्याच्या बाजूने माझ्याकडे एवढा एकच भक्कम पुरावा आहे, पण तो भक्कम आहे. स्टुडिओ मुंबईत किंवा पुण्यात असता, तर मालवणी बोलायला मालवणी 'काढता येणारी' नटी आली असती. सूर बरोबर, हेल जरा जास्त, विनोदाला मारून मुटकून आणलेला. बाईंना अंगणवाडी सोडून रेकॉर्डिंगसाठी मुंबईला येणं कधीच जमलं नसतं. मराठीतल्या पात्रांना आता जिथलं तिथलं बोलता येईल, ते या गाद्या-टाळ्या-फाइलींच्या खटाटोपामुळे. ऑडिओ पुस्तकांची नि मालिकांची अॅप मराठीत आल्यापासून काम वाढलंय. २०१७ च्या अखेरीस स्टोरीटेल भारतात आलं, त्याच्या आगेमागे आणखीही आली. तिथे अजूनही पुष्कळ कथांमध्ये वऱ्हाडातला शेतकरी सदाशिव पेठेतून बोलतो. ते ऐकताना मला राहवत नाही, मी मनातल्या मनात नवीन नट शोधायला लागते.

इतक्यात एका निर्मात्याने सुचवलं की एवढे हुंकार गोळा करत बसण्यापेक्षा यंत्राकडून करून घे. चार मिनिटांचा आवाज दिला की ते हवा तसा हं काढून देतं. मी ऐकून पाहिले. आवाज हुबेहूब. पण प्रत्येक हं असा येतो की त्याच्या आधी कुणी काही बोललंच नव्हतं. आज नाही जमत, उद्या कदाचित जमेलही, पैज लावायला मी जाणार नाही. मला धास्ती वेगळी आहे. माझ्याकडे या माणसांचे तासन्‌तास स्वच्छ, कोरडे, सुट्टे आवाज पडलेले आहेत. रडणं, हसणं, दमणं, सगळं वेगवेगळं नाव देऊन ठेवलेलं. कुणाच्या आवाजाची नक्कल बनवायला याहून सोयीचा कच्चा माल शोधून सापडणार नाही. आणि हा माल मीच त्यांच्याकडून मागून घेतला आहे.

म्हणून करारात एक कलम वाढवलं. संवादांसोबत दिलेले श्वास, हुंकार, हसणं, रडणं हे सगळं या मालिकेपुरतंच. त्यावरून कृत्रिम आवाज तयार करायचा नाही, दुसऱ्या कुणाला करू द्यायचा नाही, मालिका संपल्यावर सुट्ट्या फाइली पुसायच्या. तिघांनी न वाचता सह्या करून पाठवल्या. बाईंनी मात्र वाचलं, सरकारी कागद भरून भरून त्यांना सवय आहे. रात्री फोन आला. "अगो, ह्यात खोकलो लिवलंस नाय. माझो खोकलो कोण वापरीत तर?" दुसऱ्या दिवशी खोकला घातला, आणि त्यांनी सुचवल्यावरून शिंक आणि ढेकरही.